बंबावर येऊ इच्छिणाऱ्या मुलास

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. होमगार्डमध्ये नाव नोंदवून गावच्या बंबावर स्वयंसेवक म्हणून यायचे तुझ्या मनात आहे आणि घरी विचारण्याआधी तुला माझे मत हवे आहे, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेले, त्या आठवड्यात तुला आणि तुझ्या आजीला आम्ही माडीच्या खिडकीतून बोटीत घेतले होते. तेव्हापासून ही इच्छा मनात आहे, असे तू लिहितोस. इच्छा चांगलीच आहे. परंतु खिडकीतून तुला जे दिसले तो या कामाचा फार लहान भाग आहे, आणि उरलेला भाग समजून घेतल्याशिवाय तू शब्द देऊ नयेस.

आपल्यासारख्या नगरपरिषदेकडे एक बंब, त्याचा चालक आणि बोटांवर मोजण्याइतके कायम फायरमन असतात. कडब्याची गंजी पेटली की तेवढ्यांनी भागत नाही. वरून कितीही पाणी मारले तरी गंजीच्या पोटातला विस्तव विझत नाही. ती पेंढी पेंढी करून उपसावी लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी वारा सुटताच पुन्हा पेट घेते. स्वयंसेवकांचे हात तेथे लागतात. १९४६ साली तेव्हाच्या मुंबई प्रांतात उभ्या राहिलेल्या होमगार्डचे ब्रीद ‘निष्काम सेवा’ असे आहे. छापखान्यातली नोकरी सांभाळून ३१ वर्षे मी वर्दीला, म्हणजे मदतीच्या हाकेला, धावलो, तो त्या शब्दांवर विश्वास ठेवूनच.

आता एक प्रसंग जरा सविस्तर सांगतो. हळद साठवायचे जमिनीखालचे पेव तू पाहिले आहेस. तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढे, पोट मात्र खोलीएवढे. तोंड झाकून मातीने लिंपले की आतला प्राणवायू हळूहळू संपतो आणि कर्बवायू साचत जातो. म्हणून कीड जगत नाही आणि हळद टिकते. माणूसही त्याच कारणाने जगत नाही. जुने जाणते हमाल पेव उघडून काही तास तसेच ठेवतात, मग दोरीला कंदील बांधून आत सोडतात, आणि तो विझला तर कोणी उतरत नाही. त्या दिवशी घाईघाईत एक जण उतरला आणि तळाशी कोसळला. आम्ही पोहोचलो तेव्हा त्याचा धाकटा भाऊ ओला टॉवेल तोंडाला बांधून पेवाच्या काठावर बसला होता, दोन्ही पाय आत सोडून. मी मागून कवळा घालून त्याला ओढले. त्याने माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला. भाऊ आत मरतो आहे आणि तुम्ही बघत बसला आहात, असे तो ओरडत राहिला. शेजारच्या शहरातून श्वसनयंत्राचा संच येईपर्यंत आम्ही पंख्याने आत हवा सोडत होतो. मोठा भाऊ वाचला नाही. धाकटा आज मुलाबाळांत आहे.

विहिरीत, पेवात किंवा मैल्याच्या टाकीत पहिल्याच्या मागोमाग उतरणारा दुसरा माणूस बहुधा पहिल्याच्या शेजारीच पडतो. (टाकीत कंदीलसुद्धा सोडू नकोस, तेथे पेट घेणारा वायू असतो.) धाडस तुझ्या अंगी आहे, याविषयी मला शंका नाही. सगळा गाव ओरडत असताना दोरी, हवा आणि माणसे तपासून होईपर्यंत थांबण्याचे बळ मात्र वर्षानुवर्षांच्या कवायतीतूनच येते.

त्या कवायतीत मी एकदा चुकलो. रात्रीच्या वर्दीवरून दमून आलो आणि कॅनव्हासचा ओला होज, म्हणजे पाणी मारायची नळी, न वाळवताच गुंडाळून ठेवला. पुढे एका वस्तीवर गोठा पेटला असताना, बुरशीने कुजलेला तोच होज पाण्याचा दाब येताच फुटला. दुसरा जोडेपर्यंत छप्पर खाली आले आणि दावणीची म्हैस सुटू शकली नाही. त्या घरच्या बाईंनी आम्हाला एक शब्द बोलून दाखवला नाही. उलट चहा आणून दिला. मला तो गिळवला नाही.

वर्दी नसेल तेव्हा घरोघरी जावे लागेल. गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून वास आल्यास बटणाला हात न लावता आधी रेग्युलेटर बंद करावा आणि दारे-खिडक्या उघडाव्यात. पेटलेल्या तेलाच्या कढईत पाणी न ओतता झाकण ठेवावे. हे शंभरदा सांगताना कंटाळू नकोस.

घरी विचारताना आईपासून काही लपवू नकोस. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावरची आग विझवताना झालेल्या स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, म्हणून दरवर्षी त्या दिवशी आम्ही उभे राहून त्यांना मानवंदना देतो. हेही आईला सांग. त्यांनी नाही म्हटले तर एक वर्ष थांब आणि पुन्हा विचार.

होकार मिळाला तर रविवारी सकाळी सातला जुने कपडे घालून केंद्रावर ये. गुरुवारच्या वर्दीचे चार होज धुवून वाळत घालायचे आहेत. मीही येणार आहे.

तुझा,
काका