गोलाई मोकळी, म्हणजे येळवस

चिऊ,

काकानं पाठवलेला लातूरच्या गंजगोलाईचा फोटो काल तू मोठा करून पाहिलास आणि विचारलंस, "आई, बाईंना आपल्या गावातल्या सणाचा फोटो हवाय. यात तर एकही माणूस नाही. हा कसला सण?" मी कामावर निघाले होते, म्हणून लिहून डब्याखाली ठेवतेय. अक्षर अडलं तर बाबांना विचार.

गर्दीचे सण लातूरला कमी नाहीत. गणपतीच्या मिरवणुका निघतात, १४ एप्रिलला जयंती असते, महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची जत्रा भरते. पण काकानं फोटो काढला तो दिवस येळवसचा, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. शेजारच्या कर्नाटकात हीच एळ्ळ अमावस्या. कन्नडमध्ये एळ्ळु म्हणजे तीळ, आणि आपल्याकडंही त्या दिवशी तिळाची पोळी लागतेच.

गोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. एरवी तिथं पाय ठेवायला जागा नसते. येळवसला सकाळी दहापर्यंत सगळं शटर खाली, कारण अख्खं शहर शेतात गेलेलं असतं. कलेक्टरसाहेब स्थानिक सुट्टीच देतात. दुसऱ्या दिवशी पेपरात 'शहरात अघोषित संचारबंदी' अशी बातमी येते. दरवर्षी तीच, बातमीदारालाही शेतात जायची घाई असणार!

शेत नसलेल्यांचं काय, हा तुझा पुढचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय. त्यांना बोलावणं असतं. आमचे भाडेकरू, बाबांच्या ऑफिसातले लोक, कोपऱ्यावरचा शिंपी, सगळ्यांना आजी आठ दिवस आधीपासून विचारत सुटायची, "शेताकडं यायलाव नव्हं?" तीन घरची बोलावणी आली तर तिन्ही शेतांत जेवावं लागतं. नाही म्हटलं की लोक रुसतात.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी करतात. आत चुना लावलेले पाच दगड मांडतात, ते पाच पांडव. वरून शाल टाकतात. पूजा झाली की आज्जा आंबिलीचं भांडं घेऊन पिकातून फिरायचे, 'ओलगे ओलगे' असं ओरडत हरभऱ्यावर, ज्वारीवर आंबील शिंपडायचे. याला चर शिंपणं म्हणतात. आम्ही पोरं मागं मागं, आवाज मोठा कुणाचा याची पैज लावून.

मग पंगत. भज्जी म्हणजे तू खातेस ती तळलेली भजी नव्हे. ओली तूर, ओला हरभरा, वाटाणा, शेंगा, पालेभाज्या असं शेतात मिळेल ते सगळं चिंचेच्या पाण्यात शिजवून, बेसन लावून घोटायचं. सोबत बाजरीचे उंडे, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, आणि माठातली गार आंबील. ती ज्वारीच्या पिठाची, ताकातली, लसूण-जिरं घातलेली. इथं मी दोनदा करून पाहिली. ज्वारीचं पीठ दुकानात मिळतं, पण आंबील जमत नाही. डिसेंबरात या घरात काही आंबतच नाही.

२०१६ ची येळवस जानेवारीत आली. तू पोटात होतीस. दुष्काळ असा की एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्या येळवसला आंबील टँकरच्या विकतच्या पाण्यात केली होती. ज्वारी जेमतेम गुडघ्याएवढी, कणसाचा पत्ता नाही. काका म्हणाला, "दादा, औंदा कशावर शिंपडायलाव?" आज्जा काही बोलले नाहीत. चारही बांध फिरले, आणि त्या दिवशी 'ओलगे' नेहमीपेक्षा मोठ्यांदा म्हणाले. मला चालवत नव्हतं, मी कोपीपाशी बसून ऐकत होते. भज्जीतला भाजीपाला त्या वर्षी बाजारातून आणलेला होता. तरी जेवायला चाळीस माणसं होती.

तर बाईंना हाच फोटो दाखव आणि लोक कुठं गेलेत ते सांग. काका तेवढा गोलाईत कसा, तर आजी दूध घरीच विसरली होती आणि याला परत पिटाळलं होतं. शेतातले फोटो मागवलेत. तिथं रेंज नसते, घरी आल्यावर पाठवेल.

आई