बांधावरचे काटेरी झुडूप करवंदाचेच का?

प्रश्न : कोकणात कातळाला लागून नवी जागा घेतली आहे. बांधावर छातीएवढी काटेरी झुडपे आहेत. एप्रिलमध्ये हिरवी फळे धरली, तोडली की पांढरा चीक येतो. शेजारी करवंद म्हणतात. घरचे म्हणतात, चीक आहे म्हणजे विषारी. फोटो पाठवत आहे. झुडपे तोडावीत का?

उत्तर : एवढ्यात कोयता लावू नका. फोटोत फक्त फळांचा घोस दिसतो आणि तेवढ्यावरून झुडूप ठरवता येत नाही.

आधी चिकाचे. करवंद कण्हेरीच्या कुळातले आहे, त्यामुळे कच्च्या फळाला, पानाला, कोवळ्या फांदीला चीक असणारच. पण त्याच कुळातल्या बिट्टीलाही चीक असतो आणि तिची बी हृदयावर घात करते. म्हणून चीक दिसला एवढ्यावरून ना भ्यायचे, ना निर्धास्त व्हायचे. काटा, पान आणि खोड यांच्याशी तो ताडून पाहायचा.

करवंदाची पाने समोरासमोर जोडीने येतात. जाड, चिवट, वरून चकचकीत. काटेही पेरावर जोडीने, सरळ, दोन-तीन सेंटिमीटरचे, काहींना टोकाशी दोन फाटे. खोड कठीण, लाकडी. फेब्रुवारी-मार्चपासून फांदीच्या टोकाला जाईसारखी पांढरी, सुवासिक, पाच पाकळ्यांची फुले येतात. फळ हिरव्यावरून तांबूस आणि मे महिन्यात जांभळट काळे होते. आत चपट्या बिया. फळ चावून मुले ‘कोंबडा की कोंबडी’ खेळतात, तो आतला लाल-पांढरा रंग मात्र ओळखीची खूण नव्हे. दोन्ही करवंदेच.

आता गफलत कुठे होते ते. बिट्टीला काटे नसतात. पाने लांब, अरुंद आणि एकाआड एक, फुले बहुधा पिवळी, फळ कोनदार आणि आत एकच कठीण आठळी. साबराला काटे आणि चीक दोन्ही असतात, पण खोड मांसल असते. तो चीक डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. पांढरफळीच्या फांद्यांची टोकेच काट्यासारखी, फळे पांढरी, चीक नाही.

घाणेरी सर्वांत जास्त फसवते, कारण तिचीही फळे पिकून काळी होतात. तिचे खोड चौकोनी, काटे बारीक व वाकडे, पान खरखरीत आणि चुरडले की उग्र वास. चीक नसतो. गुरांनी ही पाने खाल्ली तर यकृत बिघडते, कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलवटते. अशा जनावराला लगेच सावलीत बांधा आणि पशुवैद्यकाला बोलवा. घाणेरी नुसती छाटू नका, बुंध्यातून पुन्हा फुटते. फळे धरण्याआधी जमिनीखाली तीन-चार सेंटिमीटरवर मूळ तोडून बुंधा उलटा टाका.

‘पाखरे खातात, मग आपल्याला काय होते’ हा हिशेब चुकीचा आहे. पाखरे घाणेरीही खातात, किंबहुना तीच ती पसरवतात. ओळख पटेपर्यंत चव घेऊन पाहू नका. मुलाने अनोळखी फळ खाल्लेच तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. 108 ला फोन करा आणि फळासकट फांदी दवाखान्यात न्या.

खात्री करायची असेल तर नवे फोटो असे काढा : पूर्ण झुडूप, पाने फांदीला कशी जोडली आहेत ते, काटा जवळून, पानाच्या दोन्ही बाजू आणि आडवे कापलेले फळ, शेजारी नाणे ठेवून. वीतभर फांदी वर्तमानपत्रात दाबून आणली तर आणखी चांगले, कागद रोज बदला. प्लॅस्टिकच्या पिशवीत नमुना कुजतो.

करवंद ठरले तर झुडपे राखा. गुरे आत शिरू न देणारे असे कुंपण फुकट मिळत नाही. लोणच्यासाठी कच्ची फळे काढताना तळहाताला तेल लावा, नाहीतर चीक निघता निघत नाही. बांध वाढवायचा असल्यास पिकल्या फळातले बी धुऊन, सावलीत सुकवून लगेच पेरा. साठवलेल्या बियांची उगवण झपाट्याने घटते. रोपे पुढल्या पावसाळ्यात कुंपणासाठी 60 सेंटिमीटर ते एक मीटरवर लावा.