गोल्फच्या स्विंगमध्ये बॅकस्विंगला (क्लब मागे नेताना) खांदे पूर्ण वळत नाहीत आणि नंतर कंबर धरते. वय 47, दिवसभर हिंजवडीत खुर्चीवर. कंबरेचे कोणते स्ट्रेच करू?

कंबरेचे नकोच, पाठीचा वरचा भाग आणि खुबे मोकळे करा. मी कोथरूडला फिजिओ आहे, आयटीवाले गोल्फर बरेच येतात आणि सगळे कंबरच पिळत बसलेले असतात, पण कमरेचे मणके मुळात फिरायला बनलेलेच नाहीत, सगळे मिळून जेमतेम 10-15 अंश, खरं वळण छातीच्या मागच्या मणक्यांतून आणि खुब्यातून येतं, ते आखडले की भार कंबरेवर. आधी तपासा: खुर्चीत बसून, गुडघे जुळवून, काठी छातीवर आडवी धरा आणि वळा, दोन्हीकडे 45 अंश जमलं नाही तर अडचण पाठीत आहे. जमलं तर बहुतेक खुब्यात, उजव्या हाताने खेळत असाल तर बॅकस्विंगसाठी उजवा खुबा आत वळतो का बघा.

रोज 10 मिनिटं:
- कुशीवर झोपून गुडघे दुमडून वरचा हात मागे उघडायचा, गुडघे जमिनीवरून उचलायचे नाहीत (इथेच सगळे चीटिंग करतात)
- जमिनीवर बसून दोन्ही गुडघे 90 अंशात, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे पाडायचे

येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर सकाळी टी-ऑफच्या (पहिल्या फटक्याच्या) आधी मात्र ताणून धरून बसू नका, त्याने जोर थोडा वेळ कमी होतो, पाय झुलवा, हळू स्विंग मारा. फक्त दुखणं पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील तर हे काहीच न करता आधी ऑर्थोपेडिकला दाखवा.