घरातल्या छोट्या ऑफिससाठी कोणता लेझर प्रिंटर घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की घरातूनच दोघांचं छोटं ऑफिस चालतं, महिन्याला अडीचशेच्या आसपास पानं छापावी लागतात, जवळजवळ सगळी काळी-पांढरी, अधूनमधून एखादा कागद स्कॅन करायचा असतो, आणि आधीच्या इंकजेटची शाई सुकून सुकून तुम्ही कंटाळला आहात. मी घरून मुद्रितशोधन करते. पडद्यावर निसटलेली चूक कागदावर सापडते, त्यामुळे छापून वाचणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. आजवर तीन लेझर प्रिंटर वापरले, त्यातले पहिले दोन निवडताना चुकले.

लेझरकडे वळताय ते योग्यच आहे. टोनर म्हणजे मुळात प्लास्टिकची अतिशय बारीक पूड. लेझरच्या किरणाने ड्रमवर, म्हणजे आतल्या फिरत्या नळकांड्यावर, अक्षरांचा आकार उमटतो, तिथे पूड चिकटते, तिथून ती कागदावर येते आणि फ्युजर या तापणाऱ्या भागाच्या उष्णतेने, म्हणजे साधारण २०० अंश सेल्सिअसला, वितळून पक्की बसते. यात सुकण्यासारखं काही नाहीच. माझा प्रिंटर दोन-दोन महिने बंद राहिलाय, आणि चालू केल्यावर पहिलंच पान स्वच्छ आलंय.

निवडताना मात्र प्रिंटरच्या आधी त्याचं टोनर बघा. पसंत पडलेल्या मॉडेलला कोणतं कार्ट्रिज लागतं, ते किती पानांचं आहे, त्याच मॉडेलसाठी मोठं कार्ट्रिज मिळतं का, हे शोधा आणि कार्ट्रिजची किंमत पानांच्या संख्येने भागा. मग प्रिंटरची किंमत बघा. मी पहिल्यांदा नेमकं उलटं केलं. सगळ्यात स्वस्त मॉडेल घेतलं, त्याला एकाच मापाचं लहान कार्ट्रिज मिळायचं, आणि दीड वर्षात कार्ट्रिजवर प्रिंटरच्या किमतीपेक्षा जास्त खर्च झाला. शिवाय नव्या प्रिंटरसोबत बऱ्याचदा स्टार्टर टोनर येतं, नेहमीच्या कार्ट्रिजपेक्षा कमी भरलेलं. ते किती पानांचं आहे हे खोक्यावर किंवा माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. तुमच्या हिशोबाने वर्षाला ३,००० पानं होतात. हजार पानांचं कार्ट्रिज असेल तर वर्षाला तीन लागतील, तीन हजारांचं असेल तर एकच, आणि मोठ्या कार्ट्रिजला दर पानामागे खर्च सहसा कमीच येतो.

पानांचा हा आकडा येतो कुठून, तेही समजून घ्या. काळ्या टोनरसाठी आयएसओ/आयईसी १९७५२ नावाचं मानक आहे. त्यातलं चाचणीचं पान बरंच मोकळं असतं, म्हणजे पानाचा साधारण ५ टक्के भागच काळा होतो. दोन परिच्छेदांचं पत्र त्या मापात बसतं. माझी मुद्रितं गच्च भरलेली असतात, त्यामुळे हजार पानांचं कार्ट्रिज मला सातशेच्या आतच संपतं. तुमच्या पानांवर तक्ते, काळे पट्टे, मोठी बोधचिन्हं असतील तर तुम्हीही आकडा तेवढा खाली धरा.

ड्रमचा हिशोब बरेच जण विसरतात. काही प्रिंटरमध्ये ड्रम आणि टोनर एकाच कार्ट्रिजमध्ये असतात, काहींत वेगळे. एकत्र असतील तर प्रत्येक कार्ट्रिजसोबत नवा ड्रम मिळतो, छपाई टवटवीत राहते, पण कार्ट्रिज महाग पडतं. वेगळे असतील तर टोनर स्वस्त पडतं आणि ड्रम बराच टिकतो. छोट्या प्रिंटरांत १०,००० ते १२,००० पानांचा ड्रम सर्रास असतो, म्हणजे तुम्हाला तीन-चार वर्षं. मला वेगळा ड्रम बरा वाटतो. फक्त तुलना करताना ड्रमची किंमतही त्याच्या पानांनी भागून बेरजेत धरा.

दुसऱ्या कंपनीचं टोनर किंवा रिफिल वापरायचा विचार असेल तर कार्ट्रिजवरच्या चिपची चौकशी आधीच करा. काही मॉडेल फक्त मूळ कंपनीचंच टोनर स्वीकारतात, काहींना त्यासाठी सतत इंटरनेट जोडणी लागते, आणि आज चालणारं टोनर फर्मवेअरच्या, म्हणजे प्रिंटरच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या, अपडेटनंतर नाकारलं जाऊ शकतं. ग्राहकाने विकत घेतलेल्या यंत्रात काय घालायचं हे त्यानेच ठरवावं असं माझं ठाम मत आहे, म्हणून अशी अट असलेलं मॉडेल मी घेत नाही.

रंगीत लेझर तुमच्यासाठी नकोच. चार टोनर सांभाळावी लागतात, यंत्र मोठं आणि जड असतं, रंग जुळवून घेताना ते स्वतःही थोडं टोनर खर्च करतं, आणि फोटोच्या बाबतीत चांगल्या इंकजेटची सर त्याला नाही.

पाठपोट छपाई आपोआप करणारं मॉडेल मात्र नक्की घ्या. हाताने गठ्ठा उलटा घालताना एक पान जरी चुकलं तरी पुढची सगळी वाया जातात. स्कॅनसाठी वर काच असलेला मल्टिफंक्शन पुरेसा आहे. एकेक पान आपोआप ओढून घेणारा फीडर वीस-वीस पानांचे करार स्कॅन करावे लागत असतील तरच बघा. मिनिटाला २० पानं की ३०, या आकड्याकडे दुर्लक्ष करा. तुम्ही एका वेळी चार-पाच पानं काढणार, तेव्हा झोपेतून उठून पहिलं पान बाहेर यायला किती सेकंद लागतात ते जास्त महत्त्वाचं.

आता माझी दुसरी चूक. तो प्रिंटर यंत्र म्हणून उत्तम होता, पण पूर्णपणे संगणकातल्या त्याच्या खास ड्रायव्हरवर, म्हणजे त्याला चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, अवलंबून होता. संगणक बदलला, नव्या सिस्टिमसाठी कंपनीने ड्रायव्हर काढलाच नाही, आणि धडधाकट प्रिंटर कोपऱ्यात पडला. मला आजही त्याचं वाईट वाटतं. म्हणून एअरप्रिंट किंवा मोप्रिया चालतं का ते बघा. ती सोय असली की वेगळा ड्रायव्हर न टाकता फोनवरून किंवा लॅपटॉपवरून छापता येतं. पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या प्रचलित भाषा समजणारा प्रिंटर असेल तर आणखी चांगलं, कारण जुन्या-नव्या बहुतेक संगणकांशी त्याचं जमतं. दोघं वापरणार असाल तर नेटवर्क केबलची जागाही असू द्या. वायफाय रुसलं तरी काम अडत नाही.

घरी आणल्यावर दोन गोष्टी सांभाळा. फ्युजर तापताना प्रिंटर क्षणभर खूप वीज ओढतो, त्यामुळे संगणकाच्या छोट्या यूपीएसवर तो लावू नका, थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. आणि कागद दमट होऊ देऊ नका. ओल धरलेला कागद वळतो, अडकतो, अक्षरं फिकी उमटतात. रिम फोडली की उरलेला कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावा. कधी टोनर सांडलंच तर कोरड्या फडक्याने टिपा आणि हात थंड पाण्याने धुवा. गरम पाण्याने ती पूड चिकटून बसते.

दोन-तीन मॉडेल नक्की झाली आणि कुठे प्रत्यक्ष चालवून बघता आली, तर तुमच्या कामातलं सगळ्यात गच्च पान पेन ड्राइव्हवर न्या आणि ते पाठपोट काढून बघा. जोडाक्षरांचे सांधे आणि अनुस्वार लहान टाइपातही सुटे दिसतात का, आणि मागच्या बाजूला छापताना कागद किती वळतो, एवढं नीट तपासा. माझा तिसरा प्रिंटर मी असाच निवडला, आणि गेली सहा वर्षं माझी सगळी मुद्रितं त्याच्यावरच निघतात.