पोर्ट लिहिला, पण सर्व्हर ऐकतोय कुठे?

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या कॉम्प्युटरवर उबुंटू (लिनक्स) आणि अपाची हा वेब सर्व्हर टाकलाय. ८० नंबरच्या पोर्टवर (सर्व्हरच्या नंबर दिलेल्या दारावर) वाचनालयाचं मुख्य पान आहे. पुस्तकांची यादी वेगळी ठेवायची म्हणून साइटच्या फाइलीत व्हर्च्युअलहोस्टपुढे *:८०८० लिहिलं. कॉन्फिगटेस्ट ही तपासणीची आज्ञा 'सिंटॅक्स ओके' म्हणते, ब्राउझर मात्र 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. मग कुणीतरी सांगितलं म्हणून 'लिसन १९२.१६८.१.१०:८०८०' ही ओळ घातली आणि यादी दिसू लागली. परवा लाइट जाऊन आली, तेव्हापासून मुख्य पानही बंद. हाताने सुरू केलं तरी अपाची उठत नाही.
– एक ग्रंथपाल, सांगली जिल्हा

उत्तर : तुमचं पहिलं कोडं आमच्या सर्व्हर रूममध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला पडतं, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. दार उघडायचं काम 'लिसन'चं. आत आलेल्याला कुठल्या टेबलावर पाठवायचं ते व्हर्च्युअलहोस्ट ठरवतं. तुम्ही टेबल मांडलंत, पण ८०८० चं दार बंदच होतं. 'रिफ्यूज्ड'चा अर्थ बहुतेक वेळा हाच, की त्या पोर्टवर कुणी ऐकतच नाही. फायरवॉल आडवी आली असती तर बहुधा ब्राउझर गोल फिरत बसला असता आणि शेवटी 'टाइम आउट' म्हणाला असता. आणि कॉन्फिगटेस्टवर विसंबू नका. ती फक्त फाइलीतलं लिखाण तपासते, पोर्ट उघडून बघत नाही.

आता लाइटचं. एरर लॉगमध्ये 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस' दिसतंय का बघा. माझी पैज आहे, दिसणारच. राउटरने परत चालू झाल्यावर कॉम्प्युटरला दुसराच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिला. 'आयपी ए' ही आज्ञा दिलीत की कळेल. जो पत्ता यंत्राकडे नाहीच, त्यावर ऐकायला सांगितलं की अपाची रुसतं, आणि एका ओळीपायी सगळंच सुरू व्हायचं नाकारतं. म्हणून ८० वरचं निर्दोष पानही गेलं. (थोड्या वेळाने हाताने सुरू झालं असतं, तर मी म्हटलं असतं की नेटवर्क यायच्या आधीच अपाची उठत होतं. तुमच्याकडे तसं नाही.)

पोर्ट्स डॉट कॉन्फ ही अपाचीची फाइल उघडा. पत्त्याची ओळ काढून तिथे नुसतं 'लिसन ८०८०' लिहा. पत्ता न देता. मग यंत्राकडे जो पत्ता असेल त्यावर ते ऐकेल. जुनी ओळही राहू दिलीत, तर तो पत्ता परत मिळाला तरी दोन्ही एकाच पोर्टवर हक्क सांगतील आणि 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' म्हणून पुन्हा बंद. राउटरमध्ये या कॉम्प्युटरसाठी एक आयपी राखून ठेवा, नाहीतर सभासदांना दर वेळी नवा पत्ता सांगत बसाल.

पत्ता मुद्दाम लिहावा अशी जागा एकच सांगते, १२७.०.०.१, म्हणजे यंत्राचा स्वतःशीच बोलायचा पत्ता. पुढे दुसरा सर्व्हर उभा आहे आणि मागचा बाहेर दिसायला नको, तेव्हा. बाकी छोट्या ठिकाणी पत्ता बांधून ठेवणं म्हणजे लाइट जायची वाट बघणं.

अपाची रीस्टार्ट केल्यावर 'सुडो एसएस -एलटीएनपी' चालवा, कुठल्या पोर्टवर कोण ऐकतंय ते कळतं. मी काही बदललं की आधी हेच बघते, ब्राउझर नंतर. तिथे *:८०८० आणि शेजारी अपाची२ दिसलं की काम झालं. त्याच कामाच्या जुन्या नेटस्टॅट आज्ञेची सवय असेल तर तिथलं 'टीसीपी६' (म्हणजे आयपीव्ही६) बघून दचकू नका. उबुंटूवर त्याच दाराने जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची, म्हणजे आयपीव्ही४ ची माणसंही येतात. यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल) चालू असेल तर ८०८० ला वाट द्या.

प्रश्न : हीच यादी घरून बघता यावी म्हणून राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केला (बाहेरून आलेल्याला आतल्या कॉम्प्युटरकडे पाठवायला सांगितलं), तरी उघडत नाही. – तेच ग्रंथपाल

उत्तर : राउटरच्या पानावर 'वॅन' आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलाय. २०१२ पासून ही मालिका त्याच कामासाठी राखीव आहे. मग तुमच्या राउटरवर काहीही फॉरवर्ड करा, बाहेरचा माणूस तिथवर पोचतच नाही. कंपनीकडे स्टॅटिक (न बदलणारा) सार्वजनिक आयपी मागा, बहुतेक वेळा जादा पैसे पडतात. आणि पुस्तकं नोंदवायचं पान असेल तर ते बाहेर उघडं टाकू नका, नुसती यादी दाखवा.