आई-बाबांना घेऊन कॅरिबियन किनाऱ्यावर निवांत आठवडा घालवायचा आहे, कुठे जावं आणि कसं ठरवावं?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीहून फेब्रुवारीत एक आठवडा जायचंय, भारतातून आलेले आई-बाबा सोबत आहेत, मोठं रिसॉर्ट नको, क्रूझ नको, पायी फिरता येईल असं शांत गाव हवं आणि आईंचं शाकाहारी जेवण निभावलं पाहिजे. माझं उत्तर प्लासेन्सिया, बेलीझ. आम्ही ह्यूस्टनहून तिथे जातो, सासू-सासऱ्यांनाही घेऊन गेलो आहोत, म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर लिहायला बसले.

बेलीझ हा मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या कुशीतला छोटा देश. १९८१ पर्यंत तिथे ब्रिटिशांचं राज्य होतं, त्यामुळे कारभाराची भाषा इंग्रजी आहे. घरात लोक क्रिओल बोलतात, पण तुमच्या बाबांना दुकानात, होडीवर, कुठेही इंग्रजीत बोलता येईल. वडीलधारी माणसं सोबत असली की याचा मोठा आधार वाटतो. त्यांना प्रत्येक गोष्टीसाठी आपल्याकडे बघावं लागत नाही, ती आपली आपण गप्पा मारायला लागतात.

मालवणजवळचं देवबाग पाहिलं असेल तर प्लासेन्सियाची रचना लगेच लक्षात येईल. सुमारे २५ किलोमीटर लांबीची जमिनीची चिंचोळी पट्टी, पूर्वेला समुद्र, पश्चिमेला खारं पाणी आणि खारफुटी, आणि दक्षिणेच्या टोकाला हे गाव. गावाच्या मधोमध साधारण चार फूट रुंदीची सिमेंटची पायवाट आहे, सव्वा किलोमीटर लांब. सगळ्यात अरुंद मुख्य रस्ता म्हणून तिची गिनीज बुकात नोंद झाल्याचं गावकरी अभिमानाने सांगतात. तिच्यावर गाडी येऊच शकत नाही. दोन्ही बाजूंना रंगीत लाकडी घरं, छोटी खाणावळवजा हॉटेलं, हस्तकलेची दुकानं, आणि बाजूच्या कुठल्याही फटीतून चार पावलं टाकली की वाळू. सासऱ्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, पण सपाट वाट आणि जागोजागी टेकायला जागा असल्यामुळे ते सकाळ-संध्याकाळ एकटे फेरी मारून यायचे.

म्हणून राहायचं ते गावातच, पायवाटेच्या आसपास. ही एकच गोष्ट ऐका असं मी आग्रहाने सांगेन. उत्तरेकडे त्याच पट्टीवर सुंदर रिसॉर्ट आणि व्हिला आहेत, फोटोत ते जास्त आकर्षक दिसतात, पण तिथे राहिलात तर चहापासून जेवणापर्यंत प्रत्येक गोष्टीला गाडी किंवा गोल्फ कार्ट लागते. मग दिवस ठरवावे लागतात, आणि दिवस ठरवावे लागले की विश्रांती संपली. गावात राहिलं तर काहीच ठरवावं लागत नाही. कोण पोहायला गेलं, कोण झोपलं, कोण पायवाटेवर बसलं, याचा हिशोब कुणी ठेवत नाही. बुकिंग करताना मात्र खोली तळमजल्यावर आहे का हे विचारून घ्या. तिथली बरीच घरं लाकडी खांबांवर उभी असतात आणि जिने उभे असतात.

किनाऱ्याबद्दल खरं ते सांगते. पांढरीशुभ्र वाळू आणि जाहिरातीतलं निळंशार पाणी हीच अपेक्षा असेल तर प्लासेन्सिया तुमच्यासाठी नाही. वाळू सोनेरी-पिवळसर आहे. बाहेर प्रवाळाची मोठी भिंत असल्यामुळे पाणी बहुतेक दिवस शांत असतं, म्हाताऱ्या माणसांना कमरेएवढ्या पाण्यात निर्धास्त उभं राहता येतं. पण ती भिंत इथून तीसेक किलोमीटर आत समुद्रात आहे, त्यामुळे किनाऱ्यावरून पाण्यात डोकं घातलं आणि रंगीत मासे दिसले, असं होत नाही. त्यासाठी एक दिवस होडीने जावं लागतं.

तो एक दिवस जरूर काढा, आणि आठवड्याच्या सुरुवातीलाच काढा. फेब्रुवारी हा कोरड्या हंगामातला चांगला महिना आहे, पाऊस कमी आणि हवा सुखद, पण या दिवसांत उत्तर अमेरिकेतून थंड हवेच्या लाटा खाली उतरतात. त्या आल्या की एक-दोन दिवस जोराचा वारा सुटतो, समुद्र खवळतो आणि होड्या निघत नाहीत. पहिल्या-दुसऱ्या दिवशीचं बुकिंग असेल तर पुढे ढकलायला जागा राहते, शेवटच्या दिवसावर ठेवलं तर राहून जातं. ही गोष्ट आम्हाला एका होडीवाल्याने सांगितली आणि तेव्हापासून आम्ही ती पाळतो.

जायचं ते लाफिंग बर्ड की नावाच्या बेटावर. नारळाची झाडं असलेली वाळूची लांबट पट्टी, १९९१ पासून राष्ट्रीय उद्यान. बेलीझच्या प्रवाळभिंतीचे जे सात भाग १९९६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले, त्यांतला हा एक. याच भिंतीला २००९ मध्ये युनेस्कोने धोक्यातल्या ठिकाणांच्या यादीत टाकलं होतं. पुढे बेलीझने समुद्रातल्या तेल उत्खननावर बंदी घातली, खारफुटीला संरक्षण दिलं, आणि २०१८ मध्ये ती यादीतून बाहेर आली. लाफिंग बर्डपाशी मला सगळ्यात भावलं ते प्रवाळांच्या लागवडीचं काम. २००१ साली आयरिस वादळाने प्लासेन्सिया उद्ध्वस्त केलं होतं, समुद्रातल्या प्रवाळांचंही खूप नुकसान झालं. फ्रॅगमेंट्स ऑफ होप ही प्लासेन्सियाचीच संस्था प्रवाळाचे तुकडे पाण्याखालच्या रोपवाटिकेत वाढवून इथे लावते. मास्क लावून पाण्यात उतरलं की हरणाच्या शिंगांसारखे फाटे फुटलेले ते प्रवाळ आणि त्यांच्यात घुटमळणारे मासे दिसतात. कुणीतरी हाताने लावलेलं जंगल समुद्रात वाढतंय हे पाहून मला फार आनंद झाला. आई-बाबांना पोहता येत नसलं तरी त्यांना न्या, बेटावर सावलीत बसून काठाच्या उथळ पाण्यातही बरंच दिसतं. होडीत त्यांना मागच्या बाजूला बसवा, पुढे आदळआपट जास्त होते. सनस्क्रीनऐवजी लांब बाह्यांचे कपडे वापरलेत तर प्रवाळांनाही बरं.

याशिवाय बाहेर जायचंच असेल तर फक्त एक काहीतरी निवडा. मंकी रिव्हरची होडीची सफर, जिथे हाऊलर माकडं आणि नशीब असेल तर मॅनाटी म्हणजे समुद्रगायी दिसतात, किंवा कॉक्सकोंब अभयारण्य. कॉक्सकोंब हे जगातलं पहिलं जग्वार अभयारण्य. जग्वार दिसेल या आशेने जाऊ नका, जंगल आणि ओढे पाहायला जा. दोन्ही करायला गेलात तर आई-बाबा दमतील.

सेन बाइट मात्र वेगळं. गावापासून थोडं उत्तरेला हे गारिफुना लोकांचं गाव आहे. आफ्रिकी आणि कॅरिबियन आदिवासी अशा मिश्र वंशाच्या या लोकांना इंग्रजांनी १७९७ मध्ये सेंट व्हिन्सेंट बेटावरून हद्दपार केलं, आणि ते होंडुरासमार्गे या किनाऱ्यावर येऊन वसले. त्यांची भाषा, नाच आणि संगीत यांना युनेस्कोने मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून मान दिला आहे. संध्याकाळी कुठे ढोलवादन असेल तर विचारून जरूर जा. माझ्या सासूबाई भजनी मंडळात टाळ वाजवतात, त्या दोन ढोलांचा ठेका कसा एकमेकांत बसतो हे समजून घेत बराच वेळ तिथे बसल्या होत्या.

जेवणाचं थोडं सविस्तर सांगते, कारण तुमची खरी काळजी तीच दिसते. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. गारिफुना लोकांचा हुदुत, म्हणजे नारळाच्या रसातले मासे आणि सोबत कुटलेली केळी, हा कोकणी जिभेला लगेच आवडतो. फेब्रुवारीत लॉबस्टरही मिळतं, मार्चपासून जूनअखेरपर्यंत त्याची बंदी असते. शाकाहारी माणसाने मात्र एक प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारायचा: यात लार्ड, म्हणजे डुकराची चरबी आहे का? घोटलेल्या बीन्समध्ये, मैद्याच्या टॉर्टियात, नाश्त्याच्या फ्राय जॅकमध्ये ती असू शकते. फ्राय जॅक म्हणजे मैद्याची फुगलेली पुरी, आईंना नक्की आवडेल, फक्त आधी विचारा. राइस अँड बीन्स नारळाच्या दुधात शिजवतात, पण त्यातही कधी मांसाचा तुकडा टाकलेला असतो. आम्ही स्वयंपाकघर असलेली खोली घेतो, एक वेळ वरण-भात घरी आणि एक वेळ बाहेर. तूरडाळ, गोडा मसाला, थेपले सोबत न्या. तांदूळ, भाज्या, अंडी, फळं तिथे मिळतात. मेरी शार्प्सचा हाबानेरो मिरचीचा सॉस प्रत्येक टेबलावर असतो, बाबांना तो घरी न्यावासा वाटला तर नवल नाही. आणि दुकानात हळद मागाल तेव्हा 'यलो जिंजर' म्हणा. एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून आलेल्या भारतीयांचे वंशज बेलीझच्या दक्षिणेत राहतात, त्यांच्या घरी आजही 'ताकारी' नावाचा तिखट-पिवळा रस्सा शिजतो.

पहाटे आणि संध्याकाळी वारा पडला की किनाऱ्यावर सँडफ्लाय चावतात, डोळ्यांना जेमतेम दिसणारे कीटक. तेवढ्या वेळापुरत्या लांब विजारी घाला. पैशांचं सोपं आहे: दोन बेलीझ डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, दर कायमचा ठरलेला, आणि दोन्ही चालतात. भाव सांगितला की कुठले डॉलर ते विचारा.

पोचायला बेलीझ सिटीच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावरूनच ट्रॉपिक एअर किंवा माया आयलंड एअरचं छोटं विमान मिळतं. अर्ध्या-पाऊण तासात तुम्ही गावाच्या धावपट्टीवर. ही विमानं दिवसाउजेडीच उडतात, म्हणून न्यू जर्सीहून असं तिकीट घ्या की दुपारच्या आत बेलीझला उतराल. पैसे वाचवायचे असतील तर गाडीने तीन तास लागतात, वाटेतला हमिंगबर्ड हायवे डोंगर आणि संत्र्यांच्या बागांमधून जातो. खिडकीतून बघायला आवडणाऱ्या माणसासाठी जाताना विमान आणि येताना गाडी, असं केलेलं छान.

आता कागदपत्रं, कारण सगळं ठरल्यावर इथेच अडतं. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध मल्टिपल एंट्री व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर बेलीझचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही, तरी तिकीट काढण्यापूर्वी त्यांच्या इमिग्रेशन खात्याचा ताजा नियम वाचा. आई-बाबांच्या व्हिसावर एंट्रीजपुढे 'M' (मल्टिपल) लिहिलेलं आहे आणि तारीख शिल्लक आहे हे बघा. तुम्ही स्वतः एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर पासपोर्टमधला व्हिसाचा शिक्का वैध हवा. मुदत संपलेल्या शिक्क्यावर थोड्या दिवसांसाठी बाहेर जाऊन परत येण्याची जी सवलत कॅनडा आणि मेक्सिकोला लागू आहे, ती बेलीझला नाही. शिक्का संपला असेल तर यंदा बेलीझ बाजूला ठेवा आणि मेक्सिकोचा व्हिसाचा नियम आधी वाचून मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचं पुएर्तो मोरेलोस हे गाव बघा. तिथे प्रवाळभिंत किनाऱ्याच्या बरीच जवळ आहे, आणि कानकुनचा विमानतळ अर्ध्या तासावर.