प्लास्टिक मोल्डिंगमध्ये टेक्निशियनचं काम नेमकं काय असतं? नुसती बटणंच दाबायची असतात का?

मी चौदा वर्षं इंजेक्शन मोल्डिंगवर आहे, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक दाबाने साच्यात (मोल्डमध्ये) भरून पीस काढायचे. बटणं आठवडाभरात येतात. पीस का बिघडला हे ओळखायला मात्र वर्षं जातात, आणि टेक्निशियनला पगार त्याचाच मिळतो.

नवा होतो तेव्हाची गोष्ट. पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकच्या पारदर्शक कव्हरवर गेटपासून (माल मोल्डमध्ये शिरतो त्या तोंडापासून) चंदेरी रेघा उमटत होत्या. मी बॅरलचं (माल वितळवणाऱ्या नळीचं) तापमान उतरवलं, इंजेक्शनचा वेग कमी केला, बॅक प्रेशर (माल वितळताना स्क्रूवर मागून ठेवलेला दाब) वाढवलं. अर्धी शिफ्ट गेली, रिजेक्शनचा क्रेट भरतच राहिला. आमच्या सीनियरनी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी इंजेक्शन युनिट मोल्डपासून मागे घेतलं, नोझलमधून (बॅरलच्या टोकाच्या तोंडातून) थोडा माल काढला आणि तो गोळा माझ्यासमोर धरला. काचेसारखा स्वच्छ असायला हवा होता, पण आत बारीक बुडबुडे भरले होते. म्हणजे माल ओला. प्लास्टिकचे दाणे वाळवणारा ड्रायर १२० अंश दाखवत होता, पण त्याचा फिल्टर धुळीने पार चोंदला होता, दाण्यांतून हवा फिरतच नव्हती. फिल्टर साफ केला, माल पुन्हा चार तास वाळवला, सेटिंग जुनंच ठेवलं. रेघा गेल्या.

त्या दिवशी मला खरी भीती वेगळीच वाटली. पॉलिकार्बोनेटमध्ये ०.०२ टक्क्यांहून जास्त ओल राहिली तर गरम बॅरलमध्ये पाणी त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडतं. रेघ दिसो न दिसो, पीस ठिसूळ होतो आणि पुढे कुणाच्या तरी हातात तडकतो. म्हणून तेव्हा 'चालतील' म्हणून बाजूला ठेवलेले पीसही आम्ही काढून टाकले.

तेव्हापासून आधी माल बघतो, मग मोल्ड, आणि सेटिंगला हात सगळ्यात शेवटी. तेही एका वेळी एकच, आणि बदलल्यावर मशीन स्थिरावेपर्यंत थांबायचं. जुना आकडा आधी वहीत. पुढच्या शिफ्टचा माणूस त्या वहीवरच काम करतो.

छोट्या वजनकाट्याशी मैत्री करा. होल्डिंग टाइम (मोल्ड भरल्यावर दाब धरून ठेवायचा वेळ) अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने वाढवत पीस तोलत जा. वजन वाढायचं थांबलं की गेट गोठला. त्यापुढे दाब देणं म्हणजे नुसता वेळ घालवणं. हे मला कुणी पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर किती सिंक मार्क (पीसवर पडणारे खळगे) वाचले असते!

मोल्डमध्ये अडकलेला पीस स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, पितळेची पट्टी वापरा. स्टीलचा एक ओरखडा पुढच्या प्रत्येक पीसवर उमटतो.

आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी विचारून घ्या: या मशीनवर आधी कोणता माल चालला होता? पीव्हीसी आणि ॲसिटल ही दोन प्लास्टिकं बॅरलमध्ये एकत्र आले तर माल झपाट्याने विघटित होतो, विषारी वायू सुटतो, आत दाब चढतो. पर्ज करताना, म्हणजे बॅरलमधला जुना माल बाहेर काढताना, चेहऱ्यावर शील्ड हवीच, आणि नोझलच्या समोर कधीच उभं राहू नका.